होर्डिंगवरचा डावा हात

माझ्या मुलीच्या डाव्या हातात काय आहे, ते मला आधी कळलंच नव्हतं. एसटी स्टँडसमोर तिचं भलंमोठं होर्डिंग लागलं, त्या सकाळी मी रिक्षानं ऑफिसला निघाले होते. रिक्षावाल्यानंच रिक्षा हळू केली आणि म्हणाला, "मॅडम, वर बघा, तुमची कन्या." मी मान बाहेर काढून बघितलं. गुडघे वाकवलेले, डोळे समोर रोखलेले, उजवा हात पुढे, आणि डावा हात बाजूला लांब केलेला, बोटं अर्धवट मिटलेली. शेजारी कोकमाच्या पेयाची लालभडक बाटली आणि खाली 'एकटीच भारी!' असं लिहिलेलं. मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? ही बाजारातून येतेय आणि हिच्या हातातली पिशवी छापायची राहिली.

हे मी मोठ्यानं म्हटलंसुद्धा. "तुम्ही पण ना मॅडम," म्हणून रिक्षावाला खो खो हसला आणि उतरताना त्यानं भाडं घेतलं नाही. मुलगी प्रसिद्ध झाली म्हणून आईचं भाडं माफ, हे गणित मला उमगलं नाही. पण नशिबानं दिलेलं नाकारू नये, म्हणून मी जास्त आग्रह केला नाही.

मला कबड्डीतलं फारसं कळत नाही, हे आत्ताच सांगून टाकते. आमचं गाव संगमेश्वरकडचं. मुंबईचे चाकरमानी सुट्टीला आले की वाडीवाडीचे सामने व्हायचे, आणि आम्हा मुलींचं काम सामन्यानंतरच्या जेवणाचं वाटण वाटायचं. पाट्यावर बसून आरडाओरडा ऐकायचा आणि त्यावरून कोण जिंकलं ते ओळखायचं, एवढाच माझा अभ्यास. पुढे मी रत्नागिरीत सरकारी कचेरीत लागले, नवरा नोकरीसाठी मुंबईलाच राहिला, आणि मुलगी इथल्या शाळेत शिकता शिकता कधी मातीत लोळायला लागली ते मला कपडे धुताना कळलं. आमची लाल माती एकदा कापडात शिरली की जन्मात निघत नाही. मी खूप बोंबलले. ती ऐकणारी नव्हती. नवरा म्हणतो माझ्यावर गेलीय. चांगलं काही केलं की मात्र ती त्याच्यावर गेलेली असते.

ती उजव्या कोपऱ्यावर खेळते. कबड्डीत कोपऱ्यावरची मुलगी एकटी उभी नसते, शेजारची तिचा हात धरून उभी असते. याला साखळी म्हणतात. समोरून चढाई करणारी आली की दोघी हात न सोडता मागेपुढे सरकत राहतात, आणि वेळ आली की कोपऱ्यावरचीनं हात सोडून तिच्या पायात झेप घ्यायची. वेळ आली हे कसं कळतं, असं मी एकदा विचारलं. मुलीनं माझा पिठाचा हात धरला, मला स्वयंपाकघरातच गुडघे वाकवून उभं केलं आणि जरा वेळानं माझी बोटं कचकन दाबली.

"हे असं दाबलं की जायचं," ती म्हणाली. "बघायचं नाय, विचार करायचा नाय. ती दाबते, मी जाते."

"आणि तिनं चुकीच्या वेळी दाबलं तर?"

"ती नाय चुकत."

ही 'ती' म्हणजे तिची जोडीदारीण. मिरकरवाड्यातली मुलगी, शाळेपासून हिच्याच शेजारी उभी राहणारी, पुढे कॉलेजही दोघींनी एकच घेतलं. तिचे वडील बोटीवर आणि आई मच्छी मार्केटात बसते. त्यामुळे आमचं नातं दोन्ही बाजूंनी होतं. ती मुलगी आमच्याकडे येऊन भाकरी खायची आणि मी तिच्या आईकडून मासे घ्यायचे. मला ती काकी म्हणते. बोलायला कमी आणि जेवायला जास्त, असं मी तिला चिडवायचे, आणि ती मान खाली घालून आणखी एक भाकरी घ्यायची. दोघी आत खोलीत बसल्या की तासन्‌तास आवाज यायचा नाही, आणि मध्येच एकदम खिदळणं. कशाला हसताय विचारलं की "काय नाय" असं उत्तर. मला वाटायचं, बाई, मला अशी एक मैत्रीण असती तर मी नवऱ्याच्या बदलीची वाट बघत बसले नसते.

मग तो व्हिडिओ आला. दिवाळीनंतरच्या एका सामन्यात समोर कोल्हापूरकडची एक दणकट चढाईवाली होती. ती कुणाला आवरेना. आमच्या मुलीनं तिचा पाय धरला आणि जोडीदारणीनं तिला कमरेतून उचलून मागे खेचलं. सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. कुणीतरी कडेला उभं राहून ते मोबाइलवर टिपलं. त्यात माझ्या मुलीचा चेहरा स्पष्ट दिसतो, मातीनं माखलेला, दात आवळलेले, आणि मग सुटल्यावर असं काही हसलीय की कुणालाही बघत राहावंसं वाटावं. जोडीदारीण त्या दणकट मुलीच्या खाली गेली होती. तिची फक्त वेणी दिसते. तो टिपणारा मनुष्य पलीकडच्या कडेला उभा असता तर वेणी माझ्या मुलीची दिसली असती.

पण तो अलीकडे उभा होता. आठवडाभरात ती पकड कुठल्या कुठे पोहोचली. माझ्या दापोलीच्या नणंदेनं मला तो व्हिडिओ पाठवला आणि वर लिहिलं, 'ही आपल्याच बाजूची दिसते गो.' आपली भाची तिनं ओळखली नव्हती. त्यानंतर मुलगी बुटाची नाडी बांधताना, पळताना, माझ्या हातचे घावणे खाताना, सगळं मोबाइलवर टाकायला लागली आणि लोक ते बघायला लागले. घावणे खाण्यात बघण्यासारखं काय असतं? मी विचारलं तर म्हणाली, "लोकांना आवडतं, आई." लोकांना आवडतं म्हणून मग मलाही जाळीचे घावणे घालायची सक्ती. फाटका निघाला तर तो नवऱ्याच्या वाटणीचा, आणि नवरा तर मुंबईला.

मग कंपनीचा मुलगा आला. पुण्याहून. गोरागोमटा, नम्र, पाया पडायला वाकला. मला काकू म्हणाला. मी त्याला कोकम सरबत दिलं. ते संपवून तो म्हणाला, "काकू, आमचंही हेच प्रॉडक्ट आहे." बॅगेतून त्यानं बाटली काढली. मी चव घेतली. आमच्याकडे दर उन्हाळ्यात आगळाची बरणी भरलेली असते, कोकमाचा मिठातला तो दाट रस. त्याच्यापुढे हे म्हणजे बरणी धुतलेलं पाणी. तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

"काकू, हे कोकम नाही," तो न रागावता म्हणाला. "हे हायड्रेशन आहे."

मुलीनं सही केली. पैसे किती ते मी नातेवाइकांना सांगितलेलं नाही, तर इथेही सांगत नाही. नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ह्यात घाम कुठं गाळायचा असतो?" मी म्हटलं, घाम आधीच गाळून झालाय, आता ते त्याचा फोटो विकत घेतायत. हे बोलताना मला पटल्यासारखं वाटलं होतं. फोन ठेवल्यावर वाटेना.

तर होर्डिंग लागलं. ऑफिसात मला पेढे द्यावे लागले. साहेबांनी उठून अभिनंदन केलं आणि आपल्या मुलीला काही 'लाइन' मिळेल का ते विचारलं. त्यांची मुलगी बुद्धिबळ खेळते. संध्याकाळी मी फुशारकीतच मच्छी मार्केटला गेले. जोडीदारणीच्या आईपुढे टोपलीत चांगले कडक बांगडे होते. तिनं भाव सांगितला. मी सवयीनं निम्म्यावर आले. ती म्हणाली, "द्या, काय द्यायचं ते."

मासेवालीनं घासाघीस न करता ऐकलं, की समजावं काहीतरी बिनसलंय. एरवी ती मला चार शब्द सुनवायची, मी तिला पाच, शेवटी मध्यावर यायचो आणि ती वर एक बांगडा टाकून म्हणायची, "हा पोरीला. तिच्या अंगात भर नाय." त्या दिवशी तिनं मासे साफ केले, पिशवी बांधली, वर काही टाकलं नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? वर लावलाय तो फोटू बघितलात ना?"

"बघितला की. छान आलाय."

"छान आलाय," ती म्हणाली. "बाय, त्या सामन्यातल्या फोटूत माझी पोर होती. हात धरून उभी होती. पुसलानी तिला. पाटीवरचं पुसतात तशी पुसलानी."

मी तिथे पिशवी घेऊन उभीच राहिले. मागचं गिऱ्हाईक ढकलायला लागलं तेव्हा बाजूला झाले. मग मला तो डावा हात कळला. तिथे पिशवी नव्हती. तिथे माझ्या घरी भाकरी खाणारी मुलगी होती आणि मी तिच्या जागी बाजारहाट शोधत होते. मला स्वतःचाच इतका राग आला की ते बांगडे मी त्या दिवशी तळलेच नाहीत.

मुलगी घरी आली ती आधीच पडेल चेहऱ्यानं. कॉलेजात पोरांनी नवा खेळ काढला होता. ती समोरून आली की पोरं डावा हात बाजूला लांब करून हवेत कुणाचा तरी हात धरल्यासारखं चालायची आणि विचारायची, "हात कुणाचा?" मोबाइलवरही तेच. होर्डिंगच्या फोटोखाली जो तो लिहीत होता, हात कुणाचा, हात कुणाचा. कबड्डी जाणणाऱ्या माणसाला तो फोटो बघून पहिल्यांदा तेच दिसतं म्हणे. आमच्याकडे कबड्डी न जाणणारी मी एकटीच असणार, कारण दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानंही विचारलं.

"छापायच्या आधी तुला दाखवला नव्हता फोटो?" मी मुलीला विचारलं.

"दाखवला होता. मोबाइलवर."

"मग तुला दिसलं नाही ती नाही ते?"

ती पलंगावर पाय घेऊन बसली होती. खोटं बोलायचं असतं तर तिला सोपं होतं. म्हणाली, "मी माझा चेहरा बघत होते, आई."

माझ्या जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं. कारण होर्डिंग बघताना मीही तोच बघितला होता. पिशवीचं नंतर सुचलं.

मी कंपनीच्या मुलाला फोन लावला. रागानं बोलायचं ठरवलं होतं, पण तो "काकू, कशा आहात?" असं इतक्या प्रेमानं म्हणाला की माझा राग घसरला. मी विचारलं, दुसऱ्या मुलीला का काढलंत? तो म्हणाला, तिची परवानगी नव्हती ना, परवानगी नसताना कुणाचा चेहरा वापरणं चुकीचं आहे.

"मग परवानगी मागायची."

"मागता आली असती, काकू. पण मग 'एकटीच भारी' कसं म्हणणार?"

हे त्यानं अगदी साधेपणानं विचारलं. मी खरंच विचार करायला लागले, की दोघींना ठेवून एकटीच कसं म्हणता येईल. फोन ठेवल्यावर भान आलं. त्याच्या बोलण्यात गफलत कुठे होती ते मला अजून सापडलेलं नाही. प्रत्येक वाक्य बरोबर होतं आणि शेवटी एक मुलगी गायब होती.

मी मुलीला म्हटलं, सोडून दे ही जाहिरात. परत कर पैसे. या मोबाइलच्या प्रसिद्धीला कोपरापासून नमस्कार. तिनं आधी सांगितलं की करार आहे, मग सांगितलं की बूट घेतलेत, गुडघ्याचे उपचार चाललेत, आणि मग एकदम रडायला लागली. "आणि मला आवडतं गो लोकांनी ओळखलेलं. खोटं कशाला बोलू? कोण ओळखतं कबड्डीवालीला? सर पण हजेरी घेताना माझं नाव चुकवायचे." मला तिची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी, आणि कुठलं आधी बोलावं ते ठरेना म्हणून मी चहा टाकला.

"तिला जाऊन सांग की तुला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"सांगितलं. ती म्हणाली, बरं."

"मग झालं तर."

"आई, ती 'बरं' म्हणाली," मुलगी म्हणाली. एवढ्या एका शब्दावर दोन मुलींचं सगळं येऊन अडलं होतं. मला ते तेव्हा पोरकट वाटलं. माझ्या पिढीच्या बायका 'बरं' ऐकून संसार करून गेल्या.

जोडीदारणीनं सरावाला जाणं थांबवलं नाही. तिनं फक्त कबड्डीच्या सरांना सांगितलं की मला दुसऱ्या बाजूला उभं करा. सरांनी केलं. मुलीच्या शेजारी पहिल्या वर्षाची एक नवी मुलगी आली. ती हात चांगला धरायची, वेळेवर दाबायचीही, पण माझी मुलगी दाबल्यावर आधी मान वळवून बघायची आणि मग जायची. तेवढ्यात पाय निसटलेला असायचा. पुढच्या सामन्याला मी मुद्दाम रजा टाकून गेले. मला खेळ कळत नाही, पण दर वेळी उठून बाहेर जाऊन बसणारी मुलगी माझी होती, हे कळत होतं. प्रेक्षकांत तिचे फोटो काढायला आलेल्या शाळकरी मुली होत्या. ती बाद होऊन बसली की त्या तिच्या शेजारी जाऊन सेल्फी काढायच्या, आणि ती हसायची. सामना हरल्यावर मी सरांना विचारलं, हे असं किती दिवस चालणार? सर म्हणाले, "वहिनी, मी काय बोलू? पूर्वी पोरी मला घाबरायच्या. आता मीच हिच्याबरोबर फोटो काढून पाव्हण्यांना पाठवतो."

तेव्हा मी स्वतःच मिरकरवाड्यात गेले. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून घावणे घेऊन गेले, आणि त्यांच्या दारात पोहोचल्यावर आठवलं की आता घावणेसुद्धा जाहिरातीतले झालेत. जोडीदारीण ओट्यावर जाळं सोडवत बसलेल्या भावाशेजारी बसली होती. उठली. "या काकी," म्हणाली. पाणी आणून दिलं. मी बरंच काय काय बोलले. की हिला खरंच माहीत नव्हतं, की ती रोज रडते, की माझ्याकडे बघून तरी सोड. ती ऐकत होती.

शेवटी म्हणाली, "काकी, मला पैशे नको होते. फोटू पण नको होता. पण माझा हात कोपरापर्यंत तरी ठेवायचा होता. तेवढ्यावरून काय कुणी मला ओळखणार होतं? तिला तेवढं कळायला हवं होतं."

डबा तिथेच ठेवून मी आले. दोन दिवसांनी तो धुऊन परत आला, आणि त्यात आमच्या रीतीप्रमाणे काहीतरी घालून पाठवतात तशी सुकटही होती. मी मुलीला म्हटलं, बघ, रिकामा डबा नाही पाठवलान. मुलगी म्हणाली, "तो तिच्या आईनं पाठवला असेल."

यानंतर जे झालं त्यानं माझा उरलासुरला अंदाजही चुकला. 'हात कुणाचा' लोकांनी इतकं उचललं, की कंपनीचा मुलगा पुन्हा आला, आणि घाबरलेला असेल असं मला वाटलं तर तो खूश होता. म्हणाला, "काकू, लोक आता त्या दुसऱ्या मुलीला शोधतायत. आपण उत्तर देऊ." दुसरी जाहिरात. दोघी मैत्रिणी, साखळी धरून, खाली 'हातात हात'. जिला पुसली तिलाच आता पैसे देऊन परत काढायची. मी त्याला विचारलं, तिची तुम्ही माफी मागणार का? तो म्हणाला, "ही माफीच आहे ना, काकू. कॅम्पेनमधून मागितलेली."

जोडीदारीण तयार होणार नाही अशी माझी पक्की खात्री होती. ती लगेच तयार झाली. मार्केटात मी तिच्या आईला भीत भीत विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पैशे कुणाला नको असतात, बाय? बोटीत डिझेल काय रुसून भरतात?" मला बरं वाटलं, की आता सगळं मार्गी लागेल, आणि वाईटही वाटलं, की मग ते कोपराचं काय होतं? घरी मुलीला सांगितलं तर ती दिवसभर आरशासमोर केस विंचरत होती. "ती खरंच हो म्हणाली? माझ्यासोबत?" हे तिनं इतक्यांदा विचारलं की मी शेवटी ओरडले. पण ओरडताना माझा जीव कळवळला. लाखभर लोक जिला बघतात ती पोर एका मुलीच्या होकाराला इतकी हरखली होती.

शूटिंग भाट्याच्या किनाऱ्यावर. कबड्डी वाळूत का, असं कुणीही विचारलं नाही, म्हणून मीही नाही. मला एका खुर्चीवर बसवलं होतं, समोरच. टोपी घातलेली एक मुलगी सगळ्यांना सूचना देत होती. दोघींनी हात धरायचा, एक चढाईवाली येणार, पकडायचं, पडायचं, आणि पडल्या पडल्या एकमेकींकडे बघून हसायचं. पकड पहिल्या झटक्यात झाली. इतकी झकास, की ती चढाईवाली, जी कुठल्याशा नाचाच्या ग्रुपमधली होती, ती खरोखरची रडायला आली. जोडीदारणीनं दाबलं असणार आणि माझी मुलगी न बघता गेली. मला वाटलं, सुटली पोर एकदाची.

पण हसणं जमेना. दोघी वाळूत पडायच्या, एकमेकींकडे बघायच्या, आणि जे हसायच्या ते लग्नात फोटोवाला "स्माइल" म्हणाल्यावर व्याही हसतात तसं. "नॅचरल, नॅचरल," टोपीवाली ओरडायची. "जुन्या मैत्रिणी आहात ना तुम्ही?" पुन्हा उठायचं, वाळू झटकायची, हात धरायचा. मधल्या वेळात 'कट' झालं की जोडीदारीण हात सोडून आपल्या ओढणीकडे जायची आणि माझी मुलगी तिच्या पाठीकडे बघत उभी राहायची. ऊन वाढलं. कंपनीची बाटली सगळ्यांना फुकट होती, तरी सगळे साधं पाणी मागत होते.

मग एकदा पडल्यावर जोडीदारीण सरकली आणि तिनं माझ्या मुलीच्या कानात काहीतरी सांगितलं. मुलीनं चमकून तिच्याकडे बघितलं, आणि दोघी एकदम फुटल्या. पोट धरून, वाळूत लोळून, श्वास लागेपर्यंत. जोडीदारणीच्या डोळ्यांतून पाणी आलं. टोपीवाली कॅमेरावाल्याला नुसतं हातानं खुणावत होती, थांबू नको, थांबू नको. माझे डोळे भरून आले. मी पदरानं पुसले. शेजारी उभा असलेला कंपनीचा मुलगासुद्धा हळूच म्हणाला, "काकू, हे पैशानं नाही मिळत." हे तो म्हणाला म्हणून मी जरा दचकले, एवढंच.

सामान आवरेपर्यंत जोडीदारीण भावाच्या गाडीवर बसून निघालीही. जाताना मला "काकी, येते" म्हणाली. मुलीला काय म्हणाली, काही म्हणाली का, ते गर्दीत मला दिसलं नाही.

घरी आल्यावर मुलगी मागच्या दारी नळाखाली पाय धूत होती. मी टॉवेल घेऊन गेले. मला राहवेना.

"काय सांगितलान गो तिनं कानात?"

"म्हणाली, हस मेले, तुझी आयस बघतेय."

मला आनंद झाला. इतक्या गडबडीत त्या पोरीला माझी आठवण होती. "बघ," मी म्हटलं, "मी सांगत होते ना."

मुलगी पायावर पाणी घालत राहिली. वाळू कधीच निघून गेली होती. "आई, ते तिनं का म्हटलं? तुला वाईट वाटू नये म्हणून, की लवकर संपून घरी जाता यावं म्हणून? मला हसू आलं ते तिच्या बोलण्याचं. पण ती कशाला हसली? तू समोरच होतीस. ती खरी हसली का?"

मी आठवायला लागले. ती डोळे मिटून हसत होती. खांदे हलत होते. पण त्याच्या आधीच्या वेळी, खोटं हसतानाही, खांदे हलले होते. तिचा हात कुठे होता? मुलीच्या खांद्यावर होता की वाळूत टेकलेला होता? मी तर डोळे पुसत होते.

"हसली की," मी म्हटलं. "अगदी मनापासून हसली. इतक्या वर्षांची मैत्री, ती अशी कुठे जाते?"

मुलीनं नळ बंद केला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"आई," ती म्हणाली, "तूपण जाहिरातीतल्यासारखं बोलायला लागलीस."

माझ्या हातातला टॉवेल घेऊन ती आत गेली.